सेंटचे नऊ दशांश: ०.९ लिहायचं की ०.००९?

माझा भाचा गेल्या वर्षी एमएस करायला न्यू जर्सीला गेला. तिकडच्या पेट्रोल पंपाच्या बोर्डाचा एक फोटो त्याने मला व्हॉट्सॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, मावशी हे बघ, ३.२९ आणि बाजूला छोट्या अक्षरात ९/१०, हे काय असतं? मी ठाण्याला नौपाड्यात सहावी-सातवीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. म्हटलं एकट्या भाच्याला काय सांगायचं, दुसऱ्या दिवशी तो आकडा तसाच फळ्यावर काढला आणि मुलांना म्हटलं, हा भाव एकाच दशांश अपूर्णांकात लिहून दाखवा.

पाच उत्तरं आली. एकाने ३.२९.९ लिहिलं, म्हणजे दोन टिंबं. एकीने २९ मध्ये ९ मिळवून ३.३८ केलं. एकाने ३.२९९१०, म्हणजे दिसेल ते सगळं एका ओळीत. दोन-तीन जणांनी ४.१९ लिहिलं, आणि दोघांनी ३.२९९. बरोबर उत्तर शेवटचं, पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो ४.१९ ने, कारण त्या मुलांना दशांश येत होते. ९/१० म्हणजे ०.९ हे त्यांना पाठ होतं, ३.२९ अधिक ०.९ ही बेरीजही त्यांनी टिंबाखाली टिंब ठेवून नीट केली होती आणि ४.१९ हे त्या बेरजेचं अगदी बरोबर उत्तर आहे. चुकलं एवढंच की ते ०.९ कशाचं हे कुणी विचारलंच नाही. बोर्डावरचे नऊ दशांश डॉलरचे नाहीत, सेंटचे आहेत.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते आणि पुढे पण पुन्हा पुन्हा सांगणार आहे, दशांश लिहायच्या आधी "कशाचा?" हे विचारायचं. टिंब कुठे द्यायचं हा त्यानंतरचा प्रश्न, आणि तो खरं तर सोपा आहे.

आधी सोपं काम, दशांश लिहिणं

एखाद्या गोष्टीचे दहा सारखे भाग केले आणि त्यातले नऊ घेतले की नऊ दशांश. टिंबाच्या लगेच उजवीकडचं घर दशांशाचं, त्यात ९ लिहायचा, डावीकडे पूर्ण काहीच नाही म्हणून ०. झालं, ०.९. तसंच ३/१० म्हणजे ०.३, ७/१० म्हणजे ०.७, आणि १३/१० असेल तर दहा दशांशांचा एक पूर्ण होतो, उरले तीन, म्हणून १.३. टिंबानंतरचं दुसरं घर शतांशाचं आणि तिसरं सहस्रांशाचं, त्यामुळे ९/१०० म्हणजे ०.०९ आणि ९/१००० म्हणजे ०.००९. घर रिकामं असेल तर त्यात शून्य भरायचं, ते सोडलं की त्याच्या उजवीकडचे अंक एक घर सरकून दहापट होतात.

आणि टिंबाच्या आधीचं शून्य पण लिहाच, नुसतं .९ लिहू नका. टिंब बारीक असतं, झेरॉक्समध्ये उडतं, फोनवर दिसत नाही आणि मग .९ चे ९ होतात. ०.९ लिहिलं की टिंब नाही दिसलं तरी ०९ बघून माणूस थांबतो की इथे काहीतरी राहिलंय.

वाचताना पण एक सवय लावून घ्या. ३.२५ ला आपण पटकन "तीन पॉइंट पंचवीस" म्हणतो आणि तिथेच घोळ होतो, कारण मग मुलांना वाटतं की पंचवीस हे पाचापेक्षा मोठे, म्हणजे ३.२५ हे ३.५ पेक्षा मोठं. "तीन पॉइंट दोन पाच" असं एकेक अंक वाचलं की ही चूक होत नाही. मी क्लासमध्ये मोठ्याने वाचायला लावते आणि जो पंचवीस म्हणेल त्याला परत वाचायला लावते, चौथ्यांदा आपोआप बरोबर येतं. हेच जांभळी नाक्यावर भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पण बघता येईल, तिथे तीन घरं दिसतात, १.०५० म्हणजे एक किलो आणि पन्नास ग्रॅम आणि १.५०० म्हणजे दीड किलो. मधलं एक शून्य म्हणजे जवळजवळ अर्धा किलो कांदे, त्यामुळे आयांना हे मुलांपेक्षा लवकर कळतं.

पट्टी काढा

आता डॉलर, सेंट आणि सेंटचा दशांश. मुलांना (आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही) हे पैशांवरून समजावणं पूर्वी सोपं होतं, आता अवघड झालंय. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पण ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली, त्यामुळे आज सहावीत असलेल्या मुलाने दहा पैशांचं नाणं वापरलेलंच नसतं. रुपयाचा दशांश त्याच्या हातात कधी आलाच नाही आणि आपण मात्र त्याला म्हणतो, अरे पैशांचा विचार कर ना.

म्हणून मी कंपासपेटीतली पट्टी वापरते. मीटरचे शंभर सेंटीमीटर, डॉलरचे शंभर सेंट. एका सेंटीमीटरचे दहा मिलीमीटर, आणि एका सेंटचे दहा मिल. हो, मिल हे खरोखरच्या मापाचं नाव आहे. अमेरिकेच्या १७९२ च्या नाण्यांच्या कायद्यातच ठरलेलं आहे की हिशोब डॉलर, त्याचा दशांश, त्याचा शतांश म्हणजे सेंट, आणि त्याचा सहस्रांश म्हणजे मिल असा ठेवायचा. सेंट आणि सेंटीमीटर यातला "सेंट" शंभरावरूनच आलेला, आणि मिल, मिलीमीटर हे हजारावरून. त्यामुळे ही नुसती सोयीची उपमा नाहीये, दोन्हीची मांडणीच एक आहे.

तर ३ डॉलर २९ सेंट आणि सेंटचे नऊ दशांश म्हणजे ३ मीटर २९ सेंटीमीटर ९ मिलीमीटर. आता हे मीटरमध्ये लिहा म्हटलं की कुणीही ३.२९९ लिहितो, ३.३८ कुणी लिहित नाही कारण नऊ मिलीमीटर केवढे असतात ते पट्टीवर दिसतं. ४.१९ पण कुणी लिहित नाही. आणि मग तो भाव ३.२९९ डॉलर आहे, म्हणजे ३ डॉलर ३० सेंटला फक्त एक मिल कमी, हे पण दिसतं.

दोन टिंबं देणाऱ्या मुलाबद्दल सांगायचं राहिलं. त्याला विचारलं की दोन टिंबं कशी रे दिलीस, तर म्हणाला आमच्या गावच्या सातबाऱ्यावर असतात की. मी घरी येऊन बघितलं आणि पोरगं बरोबर होतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हे.आर.चौ.मी. मध्ये लिहितात, ०.४०.५० म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. ती टिंबं दशांश चिन्हं नाहीत, वेगवेगळी मापं वेगळी दाखवायला दिलेली आहेत. पण गंमत अशी की हेक्टरचे शंभर आर आणि आरचे शंभर चौरस मीटर असल्यामुळे दुसरं टिंब नुसतं काढून टाकलं तरी चालतं, ०.४०५० हेक्टर. त्याच्या ३.२९.९ मधलं दुसरं टिंब काढलं तरी ३.२९९ येतं, त्याच कारणाने. दुसऱ्या दिवशी त्याला वर्गासमोर शाबासकी दिली.

मात्र हे शंभर-दहा असं भागणाऱ्या मापांनाच चालतं. घड्याळाला नाही. ठाण्याहून ९.३० ची लोकल म्हणजे साडेनऊ, पण तासाच्या हिशोबात साडेनऊ म्हणजे ९.५. पगाराच्या शीटमध्ये साडेनऊ तासांना ९.३० टाकलेलं मी बघितलंय आणि त्यात दर दिवशी बारा मिनिटांचे पैसे कमी मिळत होते, कारण ०.३ तास म्हणजे अठराच मिनिटं.

सेंटवरून डॉलरमध्ये, पैशांवरून रुपयात

नियम एकच, शंभराने भागायचं, म्हणजे टिंब दोन घरं डावीकडे. ४५ सेंट म्हणजे ०.४५ डॉलर, ५ सेंट म्हणजे ०.०५ डॉलर, आणि ०.९ सेंट म्हणजे ०.००९ डॉलर. शेवटच्यात लोक अडखळतात कारण डावीकडे सरकवायला अंकच उरत नाहीत. मी सांगते की आधी पुढे शून्यं लावून घ्या, ०००.९ असं लिहा, मग टिंब दोन घरं डावीकडे न्या, ०.००९ दिसतं. उलटं जायचं असेल, डॉलरवरून सेंटमध्ये, तर दोन घरं उजवीकडे, ०.०२३ डॉलर म्हणजे २.३ सेंट.

एका गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं ती म्हणजे आपल्या मराठीत या बाबतीत इतकी चांगली सोय आहे आणि आपण ती वापरत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, पावणेचार. हे शब्द एकटे कधी येतच नाहीत, सव्वा रुपया, पाऊण तास, अडीच किलो, म्हणजे "कशाचा" हे सोबतच येतं. ०.७५ हा आकडा कागदावर एकटा पडून राहू शकतो, पण नुसतं "पाऊण" म्हणून कुणी थांबलं तर समोरचा विचारणारच, पाऊण काय? म्हणून मुलांना मी आधी बोलायला लावते आणि मग लिहायला. "पाऊण पैसा" असं तोंडाने म्हटलं की लगेच समजतं की हे पैशापेक्षा कमी आहे, ०.७५ पैसे, आणि रुपयात ०.००७५.

आता हे घेऊन बाहेर पडा आणि बोर्ड बघा. स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर मी वाचलं होतं, "१०० पेक्षा जास्त कॉपी .७५ पैसे". शब्दशः घेतलं तर पाऊण पैशाला एक कॉपी, म्हणजे शंभर कॉप्या पंचाहत्तर पैशात! त्यांना म्हणायचंय ७५ पैसे किंवा ०.७५ रुपये, दोन्हीपैकी काहीही एक लिहा, पण टिंब आणि पैसे दोन्ही एकत्र लिहिलं की शंभरपट फरक पडतो. अमेरिकेत पण हीच चूक सर्रास होते, दुकानात .९९ लिहून पुढे सेंटचं चिन्ह काढतात, म्हणजे एक सेंटपेक्षाही कमी किंमत.

ही चूक नुसत्या बोर्डापुरती राहत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतला एक मोबाईल ग्राहक कॅनडात गेला होता, त्याने जाण्याआधी फोन करून विचारून घेतलं की तिकडे इंटरनेट वापरायला काय रेट, त्याला सांगितलं गेलं की किलोबाइटला ०.००२ सेंट. त्याने ३५,८९३ केबी वापरले. ०.००२ सेंटने गुणलं तर ७१.७८६ सेंट होतात, म्हणजे एक डॉलर पण नाही. बिल आलं ७१.७९ डॉलरचं. कारण कंपनीचा खरा रेट ०.००२ डॉलर होता. त्याने फोनवर कितीतरी वेळ एकापाठोपाठ एक माणसांना विचारलं की ०.००२ सेंट आणि ०.००२ डॉलर यात फरक आहे हे तुम्हाला मान्य आहे का, आणि समोरून तेच तेच उत्तर, कॅल्क्युलेटरवर ७१.७९ च येतंय. कॅल्क्युलेटर बिचारा बरोबरच होता, त्याला कुठे माहीत असतं पुढे डॉलर आहे की सेंट. त्या फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग तेव्हा जगभर ऐकलं गेलं, मी अजूनही सातवीच्या मुलांना ही गोष्ट सांगते आणि गुणाकार त्यांच्याकडून करून घेते.

पंपावर तो ९/१० आला कुठून

भाच्याला हे पण हवं होतं म्हणून थोडक्यात. अमेरिकेत पेट्रोलवर टॅक्स लागायला लागला तो सेंटमध्ये. पहिला राज्याचा टॅक्स १९१९ मध्ये ऑरेगनने लावला, गॅलनला (हे तिकडचं पेट्रोल मोजायचं माप, साधारण पावणेचार लिटर) एक सेंट, आणि केंद्राचा १९३२ मध्ये, तोही एक सेंट. तेव्हा पेट्रोलच इतकं स्वस्त होतं की एका सेंटला फार किंमत होती, त्यामुळे भाव सेंटच्या दशांशात लावायची पद्धत पडली. आज एका मिलमध्ये काहीच येत नाही पण ९/१० बोर्डावरून गेलं नाही, कारण ३.२९ वाचलं की गिऱ्हाइकाला ते ३.३० पेक्षा कमी वाटतं.

केंद्राचा टॅक्स आता गॅलनला १८.४ सेंट आहे आणि त्यातला ०.१ सेंट जमिनीखालच्या गळक्या टाक्यांची साफसफाई करायच्या फंडात जातो. हा ०.१ सेंट म्हणजे बरोब्बर एक मिल, ०.००१ डॉलर. मिलचं नाणं कधी निघालंच नाही, अर्ध्या सेंटचं मात्र होतं, १७९३ पासून १८५७ पर्यंत. हिशोबात मात्र मिल जिवंत आहे.

मग नाणं नसताना पैसे देतात कसे? एकेका गॅलनचे वेगळे देत नाहीत, शेवटी एकदाच. १२ गॅलन भरलं, १२ गुणिले ३.२९९ बरोबर ३९.५८८ डॉलर, ते जवळच्या सेंटला नेलं, म्हणजे राउंड केलं, की ३९.५९. आणि भाव जर सरळ ३.३० असता तर ३९.६०. एवढ्या सगळ्या बारीक अक्षरांनी अख्ख्या टाकीमागे एका सेंटचा फरक पडला.

राउंड कधी करायचं

हा भाग ऑफिसात काम करणाऱ्यांनी नीट वाचावा. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात हजारो लोक अमेरिकेतल्या क्लायंटची बिलं, रेट कार्डं, शीट्स बनवतात आणि त्यातले बरेच रेट सेंटपेक्षा लहान असतात.

मी क्लास सुरू करायच्या आधी ऐरोलीच्या एका बॅक ऑफिसमध्ये बिलिंगला होते. एका क्लायंटचा रेट होता रेकॉर्डला, म्हणजे एका नोंदीला, १.५ सेंट. शीटमध्ये कॉलम डॉलरचा होता, मी ०.०१५ टाकायच्या ऐवजी ०.१५ टाकलं. त्या महिन्यात ४०,००० रेकॉर्ड होते, ६०० डॉलरचं बिल ६,००० डॉलरचं झालं आणि ते मी पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सिनियर मॅडमनी पकडलं म्हणून क्लायंटकडे गेलं नाही. त्या ओरडल्या नाहीत, पेन घेतलं आणि कागदावर लिहिलं, "१.५ कशाचे?" तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. तेव्हापासून माझ्या कुठल्याही शीटमध्ये कॉलमच्या नावातच माप असतं, नुसतं "रेट" नाही, "रेट, डॉलर प्रति रेकॉर्ड", आणि बाजूला "रेट, सेंट प्रति रेकॉर्ड" असा दुसरा कॉलम, जो पहिल्याला १०० ने गुणून येतो. दोन्ही एका नजरेत दिसले की ०.१५ समोर १५ सेंट दिसतात आणि चूक ओरडून सांगते.

दुसरी गोष्ट, एक्सेलमध्ये करन्सी फॉरमॅट लावला की दोनच घरं दिसतात. आत ०.००९ असलं तरी वर ०.०१ दिसतं. मग कुणीतरी ते बघून नवीन शीटमध्ये ०.०१ टाइप करतं आणि रेट बदलून जातो. रेकॉर्डला ०.९ सेंट असताना ४०,००० चे ३६० डॉलर व्हायला हवेत, १ सेंट धरला तर ४००. म्हणून रेटच्या कॉलमला फॉरमॅट नंबर करायचा आणि घरं चार किंवा पाच दाखवायची. रेट कधीही राउंड करायचा नाही, राउंड फक्त शेवटच्या रकमेला. जीएसटीच्या कायद्यात पण कराची रक्कम जवळच्या रुपयाला न्यायची सांगितलीय, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वर आणि त्यापेक्षा कमी असतील तर सोडून द्यायचे, पण ते रकमेला आहे, दराला नाही.

आधी राउंड केल्याने काय होतं हे आपल्याकडे अख्ख्या देशाने एकदा बघितलंय. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, नाणं तर सव्वासहा पैशांचं नाही, म्हणून बदलाबदलीच्या तक्त्यात एक आण्याचे ६ पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे पूर्ण २५. एकेक आणा चार वेळा दिला तर २४ पैसेच होतात, एकदम चार आणे दिले तर २५. माझी आजी सांगायची की तेव्हा बाजारात यावरून रोज वाद व्हायचे, आणि ती शेवटपर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत राहिली.

त्याच ६.२५ ची दुसरी गंमत, अमेरिकेच्या शेअर बाजारात २००१ पर्यंत भाव दशांशात नसायचे, आधी डॉलरच्या आठव्या आणि १९९७ पासून सोळाव्या भागात असायचे. १/१६ डॉलर म्हणजे ०.०६२५ डॉलर, ६.२५ सेंट. म्हणजे न्यूयॉर्कचे दलाल आपल्यानंतर चव्वेचाळीस वर्षं आण्यातच भाव करत होते असं म्हटलं तरी चालेल.

असे भाग दहा-शंभरात बसवायचे असतील तर वरच्याला खालच्याने भागत जायचं, किंवा खाली १०, १००, १००० आणायचा प्रयत्न करायचा. १/४ ला वरखाली २५ ने गुणलं की २५/१००, ०.२५. १/८ ला १२५ ने, १२५/१०००, ०.१२५. १/१६ म्हणजे १/८ चं अर्ध, ०.०६२५. १/३ मात्र कधीच संपत नाही, ०.३३३ पुढे चालूच, तिथे अपूर्णांक तसाच ठेवा आणि शेवटी राउंड करा.

पाव पैसा आजही आहे बरं का. करन्सी फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेला डॉलर घ्यायचा-द्यायचा भाव आजच ठरवायच्या सौद्यांत, डॉलर-रुपयाचा भाव कमीत कमी ०.००२५ रुपयाने हलतो, म्हणजे पाव पैशाने. एका कॉन्ट्रॅक्टमध्ये १००० डॉलर असतात, तर एका हलण्याचे अडीच रुपये होतात. तिथे ८३.२५ आणि ८३.०२५ यात गल्लत केली तर काय होईल ते सांगायला नको.

शून्यं फार झाली तर माप बदला

क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरवर) काम करणारी मुलं विचारतात की ०.०००००२ आणि ०.०००००००२ असली शून्यं मोजून डोळे दुखतात, काय करू. मोजू नका. एकाची किंमत लिहिण्याऐवजी हजाराची किंवा दहा लाखांची लिहा. अॅमेझॉनच्या लॅम्डा नावाच्या क्लाउड सेवेचा रेट दहा लाख रिक्वेस्टला, म्हणजे ती दहा लाख वेळा वापरायला, ०.२० डॉलर असा लिहितात, वाचताच कळतं. एका रिक्वेस्टचा लिहिला तर ०.०००००२ डॉलरही नाही, त्याच्याही दशांश, ०.०००००० नंतर २, आणि इथे मी स्वतः पण शून्यं बोटाने मोजून घेते. रेकॉर्डला ०.९ सेंट हे पण "हजाराला ९ डॉलर" असं लिहिलं की त्यात टिंबच उरत नाही, मग चुकायचं कुठे?

कोडमध्ये पैसे ठेवणाऱ्यांनी तर हेच करावं, कॉम्प्युटर बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, ०.१ नेमका ठेवू शकत नाही, बारीक फरक राहतो आणि लाखो वेळा बेरीज केली की तो वर येतो. म्हणून रुपये दशांशात न ठेवता पैसे पूर्ण संख्येत ठेवतात, आणि पैशाहून लहान रेट असेल तर पैशाचे दहा किंवा शंभर भाग करून ते पूर्ण संख्येत.

इन्व्हॉइसवर किंवा मेलमध्ये रेट लिहिताना माझी ओळ ठरलेली आहे: "रेकॉर्डला ०.९ सेंट, म्हणजे ०.००९ डॉलर, म्हणजे १००० रेकॉर्डना ९ डॉलर." तीन वेळा तेच लिहिलंय असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. तिन्हींपैकी एक चुकलं तर बाकीचे दोन लगेच सांगतात.

आता थोडा सराव, उत्तरं झाकून करा.

पैशाचे सात दशांश रुपयात? ०.७ पैसे, दोन घरं डावीकडे, ०.००७ रुपये.

३ रुपये ५ पैसे? ३.०५, आणि ३.५ लिहिलंत तर ते साडेतीन रुपये झाले.

१८.४ सेंट डॉलरमध्ये? ०.१८४.

सेकंदाला १ पैसा कॉल रेट, साडेतीन मिनिटांचे किती? २१० सेकंद, २१० पैसे, २.१० रुपये. इथे ३.३० घेऊन गुणलं असेल तर वरचा घड्याळाचा भाग परत वाचा.

अडीच सेंट डॉलरमध्ये? २.५ सेंट, ०.०२५ डॉलर, आणि पट्टीवर दोन सेंटीमीटर पाच मिलीमीटर.

आणि बोर्डावर ४.०५ आणि पुढे ९/१० असेल तर? भाच्याला मी हेच विचारलं, तो म्हणाला चार डॉलर, पाच सेंट, नऊ मिल, ४.०५९. मग त्याने स्वतःच १० गॅलनचं बिल काढून पाठवलं, ४०.५९ डॉलर, राउंड करायची गरजच नाही कारण दहाने गुणल्यावर तो दशांश सेंट पूर्ण सेंट होऊन गेला.